पेढे कुणाला, पार्टी कुणाला: नाशिकच्या एका अभ्यासिकेतलं प्रकरण

राज्य कर निरीक्षकांची (एसटीआय) निवड यादी संध्याकाळी लोकसेवा आयोगाच्या संकेतस्थळावर आली. पीडीएफ उघडून स्वतःचा नंबर शोधणं, तो पुन्हा पुन्हा बघणं, घरी फोन लावणं यात त्या मुलाचा अर्धा तास गेला. मग त्यानं मित्रांचा ग्रुप उघडला. पहिल्या मेसेजमध्ये ‘अभिनंदन’ नव्हतंच. ‘भावा, पार्टी कधी?’ एवढंच होतं.

यात वाईट काही नाही. तोंडभरून कौतुक करायला आपला मित्र लाजतो, पार्टी मागायला लाजत नाही. त्यामुळे पार्टी मागणं हेच पुष्कळदा कौतुक असतं, आणि ते तसंच घ्यावं. अडचण पुढे सुरू होते. मागणी गमतीत आलेली असते, पण उत्तर खिशातून द्यायचं असतं. इथे मांडलेलं प्रकरण त्या उत्तराचं आहे.

आधी एक खुलासा. हे दोन-तीन अभ्यासिकांमध्ये दिसलेल्या गोष्टी एकत्र बांधून मांडलेलं प्रकरण आहे, कुणा एकाची कहाणी नाही. अभ्यासिकेत मुलं एकमेकांना सर्रास तालुक्याच्या गावाच्या नावानं हाक मारतात, तीच सोय इथे वापरली आहे. निवड झालेला तो निफाड. दीड गुणानं हुकलेला सटाणा. वर्षभरापूर्वी कर सहायक म्हणून लागलेली येवला. तयारी सोडून अंबडच्या कंपनीत रुजू झालेला कळवण. अजून तयारी करणारे पेठ आणि चांदवड, यातली चांदवड ही मुलगी. आणि सिन्नर. प्रत्येक ग्रुपमध्ये एक सिन्नर असतो, तो आला की आवाज वाढतो.

कुणाचं कुणाकडे काय होतं

कॉलेज रोड आणि गंगापूर रोडच्या मधल्या गल्ल्यांत या अभ्यासिका आहेत. महिन्याला 1,200 रुपये, स्वतःचं टेबल, वर एक पंखा आणि चार्जिंगला एक सॉकेट. जेवण जवळच्या काकूंच्या मेसमध्ये. चार वर्षं हा गट एकत्र होता. घरापासून लांब राहून, जाहिरातीची वाट बघत, परीक्षेच्या तारखा पुढे ढकलल्या की एकत्र शिव्या देत जी दोस्ती होते ती कॉलेजातल्या दोस्तीपेक्षा वेगळी असते. तिच्यात पैशांची देवाणघेवाण असते आणि ती कुणी लिहून ठेवत नाही.

निफाडच्या घरी द्राक्षबाग. बागायतदार म्हटलं की लोकांना पैसाच दिसतो, पण अवकाळीनं आणि गारपिटीनं बाग झोपली की बँकेचा हप्ता काही झोपत नाही. लागोपाठ दोन हंगाम वाईट गेले तेव्हा निफाडची तीन महिन्यांची अभ्यासिकेची फी कळवणनं भरली. 3,600 रुपये. कळवण तेव्हा नुकताच कंपनीत लागला होता. पेठ दर सोमवारी घरून नागलीच्या भाकरी आणायचा, त्यातली एक ठरलेली निफाडची. सटाणानं स्वतःच्या नोट्स त्याला दिल्या होत्या. निफाडचा अर्थशास्त्राचा भाग त्या नोट्सवरच सुटला, असं निफाड स्वतःच सांगतो.

येवलानं तिची निवड झाली तेव्हा पार्टी दिली होती. कॉलेज रोडवरचं शाकाहारी हॉटेल, सातजण, बिल 4,200. पहिल्या पगारातून दिली आणि छान झाली. नकळत तोच भाव ठरला. ‘कर सहायकानं एवढी दिली, तर निरीक्षकानं किती द्यायची?’ हा सिन्नरचा सवाल त्यातूनच आला. पद वर तर पार्टी वर, असं गणित मित्रांच्यात एकदा शिरलं की पार्टी ही परीक्षेच्या गुणवत्ता यादीसारखी लागायला लागते.

पहिलं उत्तर

निफाडनं ग्रुपवर लिहिलं, ‘जॉइनिंग झालं की नक्की.’

वरवर पाहता अगदी शहाणपणाचं उत्तर. पगार नाही तर पार्टी कसली? पण स्पर्धा परीक्षेच्या बाबतीत हे उत्तर अडचणीचं ठरतं. यादीत नाव येणं आणि नोकरीवर रुजू होणं यात बरंच अंतर असतं. अंतिम शिफारस, कागदपत्रांची तपासणी, वैद्यकीय, चारित्र्य पडताळणी, मग शासनाचा नियुक्ती आदेश. महिनेच्या महिने जातात. म्हणजे निफाडनं तारीख न सांगता मोठी पार्टी कबूल केली आणि मधल्या काळात स्वतःला सगळ्यांचा देणेकरी करून घेतलं.

तो मधला काळ कसा गेला? टपरीवर चहाला गेलं की ‘आज साहेब देणार.’ सकाळी एक फेरी, संध्याकाळी कधी दुसरी. सहा-सात कटिंग, कुणाचा तरी वडापाव. पाच आठवड्यांत त्यानं अडीच हजारांच्या घरात पैसे टपरीवर दिले. गंमत अशी की ते कुणीच पार्टीत धरले नाहीत. उलट प्रत्येक चहाबरोबर ‘ही पार्टी नाही हां’ असं बजावून सांगितलं जायचं. ज्यानं एका सकाळी नीट बोलावून सगळ्यांना मिसळ खाऊ घातली असती त्याला याच पैशात दोन वेळा ते जमलं असतं, आणि वर ‘दिली बुवा यानं’ हे नावही झालं असतं.

माझ्या मते ही गोष्ट या प्रकरणाचं मूळ आहे. आमंत्रण मागणीच्या आधी गेलं पाहिजे. निदान मागणीच्या पाठोपाठ, त्याच संध्याकाळी: ‘रविवारी सकाळी नऊ वाजता, मिसळ, आपण सातजण.’ दिवस, जागा, माणसं आणि पदार्थ या चारही गोष्टी एका ओळीत ठरतात आणि ठरवणारा यजमान असतो. ‘देतो की’ म्हटलं की या चारही गोष्टी मोकळ्या राहतात आणि मोकळ्या गोष्टी सिन्नरसारखा माणूस उचलतो.

पेढ्यांचं काय झालं

निकालाच्या दुसऱ्या दिवशी निफाडच्या गावी नानांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, पेढे वाटले. देवापुढे ठेवले, सोसायटीत वाटले, शाळेतल्या जुन्या गुरुजींना घरी नेऊन दिले. चौकात फ्लेक्स लागला. ज्या क्लासला तो सहा महिने गेला होता त्या क्लासनंही नाशकात फ्लेक्स लावला, ‘आमचा विद्यार्थी’ म्हणून. फोटोतला कोट दुसऱ्याचा होता; हे कोट आणि टाय कुठून येतात हा वेगळा विषय आहे.

अभ्यासिकेत मात्र पेढे आले नाहीत. निफाडच्या मनात होतं की इथल्यांना मोठी पार्टीच द्यायची आहे, मग पेढे काय द्यायचे. मेसच्या काकूंना बातमी कळली ती क्लासच्या फ्लेक्सवरून. त्या बोलल्या काही नाहीत. दोन दिवसांनी तो जेवायला गेला तेव्हा ताटात पोळी वाढता वाढता एवढंच म्हणाल्या, ‘फोटो छान आलाय रे तुझा.’

पेढे आणि पार्टी ही दोन वेगवेगळी देणी आहेत, आणि एकानं दुसरं फिटत नाही. पेढा म्हणजे बातमी. ती सगळ्यांना द्यायची, तोंडी द्यायची, लगेच द्यायची आणि शक्यतो स्वतः जाऊन द्यायची. त्यात माणसांची निवड नसते: अभ्यासिकेचा मालक, रात्री शटर उघडून देणारा काका, मेसच्या काकू, झेरॉक्सवाला, टपरीवाला, सगळे. अर्धा किलो पेढ्यांत हे सगळं होतं. पार्टी म्हणजे संगत. ती थोड्यांची असते, बोलावून असते आणि तिला सवडीनं वेळ दिला तरी चालतो. निफाडनं पेढे पार्टीत विरघळवले. त्यामुळे ज्यांना नुसता पेढा पुरला असता ते ‘आम्हाला पार्टीला बोलावतो की नाही’ या रांगेत आपोआप उभे राहिले. पार्टीची यादी फुगली ती इथे.

आणखी एक. पेढा घेणाऱ्यावर काही ओझं टाकत नाही. तो तोंडात टाकायचा, ‘वा, छान’ म्हणायचं, झालं. नुकत्याच हुकलेल्या माणसालाही पेढा घेता येतो. पार्टीत तीन तास हसरा चेहरा ठेवणं त्याला जमेलच असं नाही.

गटारीच्या आधीची संध्याकाळ

आषाढ संपत आला तसा सिन्नरनं वेगळा ग्रुप काढला, ‘एसटीआय पार्टी’ नावाचा. श्रावण लागला की निम्मे लोक नॉनव्हेज सोडणार, म्हणून ‘गटारीच्या आत उरकून टाकू’ असा त्याचा मुद्दा. जागा त्यानंच निवडली: गंगापूर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गार्डन रेस्टॉरंट, परमिट रूमसह. माणसंही त्यानंच जोडली. सातचे तेरा झाले. त्यातल्या पाच-सहाजणांना निफाड नुसता चेहऱ्यानं ओळखत होता.

नाही म्हणायची वेळ तेव्हा होती. ‘जागा मी सांगतो’ एवढं तीन शब्दांचं उत्तर पुरलं असतं. पण साहेब झालेला मुलगा कंजूष ठरायला घाबरतो. त्यानं कळवणकडून 10,000 रुपये उसने घेतले. आधीचे 3,600 होतेच. कळवणनं दिले, एक शब्द न बोलता, पण इथे एक विचित्र गोष्ट झाली: कळवण त्या रात्री पाहुणा म्हणून जेवला आणि जेवणाचे पैसे त्याचेच होते. उसनवारीवर पार्टी देऊ नये असं म्हातारी माणसं सांगतात ते बचतीच्या दृष्टीनं. मला ते शिष्टाचाराच्या दृष्टीनंही पटतं. ज्याचं देणं आहे त्यालाच मेजवानी देणं म्हणजे त्याला ‘पैसे कधी देतोस’ हे विचारायची चोरी करून ठेवणं.

पेठ आलाच नाही. त्यानं कारण दिलं की गावी भाताची लावणी आहे. लावणी खरीच असते त्या दिवसांत, पण तो गावी गेला नव्हता. अभ्यासिकेत बसला होता. पेठच्या बाजूनं विचार केला तर कळतं. तो उद्या निवडून आला तर तेराजणांची अशी पार्टी त्याला देता येणार नाही हे त्याला आजच ठाऊक होतं. ज्याची परतफेड करता येणार नाही ते खायचं नाही, असा त्याचा सरळ हिशेब. मोठी पार्टी गरीब मित्राला अशी बाहेर ठेवते. कुणी त्याला ‘येऊ नको’ म्हणत नाही, तो स्वतःच येत नाही.

चांदवड साडेसातला आली, पावणेनऊला उठली. होस्टेलचं दार साडेनऊला बंद होतं हे गटातल्या प्रत्येकाला माहीत होतं. ताटं आली साडेनऊला, कारण आधी ‘बसणं’ झालं. तिच्या वाट्याला मसाला पापड आणि लिंबू सोडा. या गोष्टीवर नंतर कुणी चकार शब्द काढला नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहितो: चार वर्षं सोबत अभ्यास केलेली मुलगी उपाशी घरी गेली आणि सिन्नरच्या ओळखीचा ओळखीचा चिकन हंडी खाऊन गेला.

बिल

बिल दोन भागांत आलं. जेवणाचं 8,400. त्यावर दहा टक्के सेवा शुल्क 840, आणि या बेरजेवर पाच टक्के जीएसटी 462. एकूण 9,702. दारूवर जीएसटी नसतो, तिचा व्हॅट वेगळा लागतो. ते बिल 5,060.

टेबलावर हशा पिकला. ‘जीएसटीवाले साहेब, तपासा बिल!’ निफाडनं बिल पाहिलं आणि सेवा शुल्काची ओळ त्याला खटकलीच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै 2022 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेलला सेवा शुल्क परस्पर बिलात लावता येत नाही, ते देणं ग्राहकाच्या मर्जीवर असतं. हॉटेल संघटना त्याविरुद्ध कोर्टात गेल्या होत्या आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्या सूचना कायम ठेवल्या. हे सगळं निफाडला पाठ होतं, चालू घडामोडींत केलेलं. तरी तो गप्प बसला. यजमानानं पाहुण्यांसमोर बिलावरून हुज्जत घालायची नसते, हा आपल्याकडचा न लिहिलेला नियम त्या क्षणी कायद्याहून जड ठरला.

सटाणा उठला. ‘थांब भो, हात धुऊन येतो’ म्हणाला आणि बिल हातात घेऊनच काउंटरकडे गेला. मॅनेजरशी आवाज न चढवता बोलला. सेवा शुल्क निघालं. जेवणाचं बिल 8,820 झालं. तेवढ्यात मॅनेजरच्या कानावर ‘साहेब’ हा शब्द गेला असावा. तो म्हणाला, ‘आपले निरीक्षक साहेब आहेत होय, मग अजून हजार-दीड हजार कमी करून टाकतो.’ सटाणानं नको म्हणून सांगितलं.

या दोन गोष्टींतला फरक सटाणाला जितका चटकन कळला तितका टेबलावरच्या कुणालाच कळला नाही. सेवा शुल्क काढणं हा कोणत्याही ग्राहकाचा हक्क. सूट मात्र पदाला दिलेली, आणि ते पद ज्या खात्यातलं ते खातं उद्या याच हॉटेलची विवरणपत्रं बघणार. निफाड अजून सेवेत नव्हता, त्यामुळे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 त्याला त्या रात्री लागू नव्हते. पण सवयी नियुक्ती आदेशाची वाट बघत नाहीत. ज्याची निवड दीड गुणानं गेली त्यानं ज्याची झाली त्याची लाज राखली, आणि तीही टेबलावर कळू न देता.

एकूण 13,880. निफाडकडे 10,000. त्याचा चेहरा बघून येवलानं टेबलाखालून मोबाईल काढला आणि उरलेले 3,880 यूपीआयनं भरले. हे तिथेच राहिलं असतं, पण सिन्नरनं स्क्रीन पाहिली. ‘अरे, साहेबांचं बिल मॅडम भरतायत! जॉइन व्हायच्या आधीच हाताखालचा स्टाफ कामाला लावला!’

येवला त्याच खात्यात होती, निफाड उद्या तिच्याहून वरच्या पदावर येणार होता. विनोद करणाऱ्याला या विनोदाची धार कुठे लागते ते कळलंही नसेल. येवला हसली नाही. सटाणानं गाडीची किल्ली घेतली आणि पानाची वाट न बघता निघून गेला.

बिनसलं ते नेमकं कुठे

सगळा दोष सिन्नरवर टाकणं सोपं आहे आणि निम्मं खरंही आहे. पण सिन्नर रिकामी जागा दिसली म्हणून शिरला. त्याच्या बाजूनंही एक गोष्ट आहे: त्याची स्वतःची परीक्षा देण्याची वयोमर्यादा संपत आली होती, आणि मित्राच्या यशाच्या पार्टीत व्यवस्थापक होणं हा त्या यशात वाटा मिळवण्याचा त्याला सुचलेला मार्ग होता. मागणी जेवढी मोठी तेवढी तिच्याखाली ‘मी अजून तुमच्यातला आहे ना?’ ही विचारणा असते. हे ओळखलं तर सिन्नरचा राग येत नाही, नुसती त्याच्या हातातून मेनू कार्ड काढून घ्यावंसं वाटतं.

निफाडची खरी चूक माझ्या मते पैशांची नव्हती. आपली कमाई सुरू झाली नाही हे मोकळेपणानं सांगायची लाज वाटणं, ही होती. ‘अजून पगार नाही, मिसळ देतो, गोड मानून घ्या’ हे वाक्य मराठीत अजिबात कमीपणाचं नाही. ‘गोड मानून घ्या’ म्हणणाऱ्या यजमानाला आपल्याकडे कुणी नावं ठेवत नाही. ठेवलीच तर ठेवणाऱ्याचीच शोभा होते.

पार्टी कुणी द्यायची याबद्दल जगभर एकमत नाही. जर्मनीत ज्याचा वाढदिवस तोच ऑफिसात केक घेऊन जातो. अमेरिकेत मित्र मिळून त्याचं बिल भरतात. आपल्याकडे ज्याचं चांगलं झालं तो देतो, हे पक्कं आहे. पण पाहुण्यानं काय पाळायचं हे मात्र आपण कधीच बोलत नाही, त्यामुळे सगळा भार एकाच खिशावर येतो. यजमान काय मागवतो ते बघून त्याच्याहून महाग मागवू नये. स्वतःचा पाहुणा परस्पर आणू नये. ज्याला प्यायची असेल त्यानं ते बिल वेगळं ठेवावं, तिथे टीटीएमएम, म्हणजे तुझं तू, माझं मी. दारू हा यजमानाच्या आनंदाचा भाग आहे असं गृहीत धरायचं काही कारण नाही. त्या रात्रीचं दारूचं बिल पिणाऱ्या आठजणांनी कॉन्ट्री काढून दिलं असतं तर माणशी सहाशे-साडेसहाशे पडले असते, आणि निफाडच्या दहा हजारांतून जेवणाचं बिल देऊन हजारावर पैसे परत आले असते. एवढं साधं होतं ते.

हुकलेल्याला कसं बोलवायचं

या प्रकरणात सगळ्यात नाजूक जागा सटाणाची. तोच पेपर, त्याच नोट्स, दीड गुण. त्याला पार्टीला बोलावलं तर जखमेवर मीठ, न बोलावलं तर त्याहून वाईट. निफाडनं केलं काय, तर ग्रुपवरचं सामाईक आमंत्रण त्यालाही लागू धरलं. म्हणजे त्याच्याशी त्या विषयावर बोलणंच टाळलं. निकालापासून पार्टीपर्यंत दोघं रोज टपरीवर भेटत होते आणि सटाणाच्या निकालाबद्दल एक शब्द झाला नव्हता.

हुकलेल्या मित्राला आमंत्रण एकट्याला द्यायचं असतं, आणि त्यात न येण्याची वाट मोकळी ठेवायची असते. ‘तू आलास तर बरं वाटेल, पण नाही आलास तर मी काही वेगळं समजणार नाही.’ मग त्यानं काय ठरवलं ते पुन्हा विचारायचं नाही. आणि टेबलावर कुणी ‘पुढची पार्टी सटाणाची!’ असं ओरडणार नाही एवढी काळजी घ्यायची. हे वाक्य प्रत्येक पार्टीत कुणीतरी चांगल्या मनानं म्हणतो आणि ते ऐकणाऱ्याला हसावं लागतं.

नाशिककरांना हे थोडं अधिक कळायला हवं. त्र्यंबक रोडवर महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे. निवड झालेल्या फौजदारांचं दीक्षांत संचलन इथेच होतं, आईबाप फेटे बांधून येतात, त्या दिवशी हॉटेलं भरलेली असतात. आणि तिथून थोड्याच अंतरावरच्या अभ्यासिकांमध्ये त्याच परीक्षेत राहून गेलेली मुलं बसलेली असतात. एका शहरात दोन्ही टोकं आहेत.

दुरुस्ती

पार्टीनंतर आठ-दहा दिवस सटाणा सकाळच्या चहाला आला नाही. येवला बोलत होती, पण कामापुरतं. निफाडला सुचवलं येवलानंच, तिच्या पद्धतीनं: ‘काकूंना पेढे दिलेस का रे?’

तो गेला. श्रावणातला सोमवार होता, काकूंचा उपास. पेढा चालतो. पाया पडला. काकूंनी पेढा देव्हाऱ्यात ठेवला आणि मग त्याची पहिल्या वर्षाची थकलेली एका महिन्याची मेस त्याला आठवण करून दिली, जी त्या कधी मागणार नव्हत्या. हसत हसत दिली, पण दिली. निफाडनं ती पुढच्या आठवड्यात नानांकडून घेऊन भरली. मग अभ्यासिकेचा मालक, रात्रीचा काका, झेरॉक्सवाला. महिन्याहून जास्त उशिरा पोचलेले पेढे, तरी कुणी नाक मुरडलं नाही. शिळी बातमी माणूस स्वतः घेऊन आला तर लोक ताजी मानतात.

मग त्यानं सटाणाला एकट्याला गाठलं. काय बोलले ते दोघांनाच माहीत. त्यानंतर बाकीच्यांना एकेक फोन: रविवार, सकाळी नऊ, बारदान फाट्याजवळची चुलीवरची मिसळ, आपण सातजण, गाड्या आपापल्या. जागा मोकळी, पाव आणि रस्सा हवा तेवढा, सोबत दही आणि पापड, कुणाला उठायची घाई नाही आणि कुणाला ‘बसायची’ही नाही. श्रावणाचीही अडचण नाही. नाशकात रविवारी सकाळी मिसळ खायला गाडी काढून जाणं ही रीतच आहे, त्यामुळे स्वस्तातली पार्टी दिली असं कुणाला वाटायचा प्रश्न नव्हता. आपल्या शहरात जे खाणं अभिमानानं खाल्लं जातं ते निवडलं की आकडा झाकला जातो. बिल 1,140 रुपये.

पेठ आला. त्यानं येताना नागलीचे पापड आणले होते आणि ते हॉटेलवाल्याकडून भाजून घेतले, त्यामुळे पार्टीत त्याचाही हात लागला. चांदवडनं पोटभर खाल्लं. सटाणा आला, अर्धा तास बसला, जिलबी यायच्या आधी क्लासचं कारण सांगून निघाला. निफाडनं त्याला थांब म्हटलं नाही.

सिन्नरला बोलवायचं की नाही यावर येवला आणि कळवणचं एकमत नव्हतं. निफाडनं बोलावलं. मला तो निर्णय बरोबर वाटतो. सातातला एक वगळला असता तर तीच पुढची दोन वर्षं पुरणारी गोष्ट झाली असती. सिन्नरनं दुसऱ्या प्लेटबरोबर जाहीर केलं, ‘ही पार्टी धरायची नाही, जॉइनिंगची बाकी आहे.’ निफाडनं पाव मोडता मोडता सांगितलं, ‘जॉइनिंगचे पेढे मिळतील.’ सिन्नरनं आजूबाजूला पाहिलं, कुणी री ओढली नाही, आणि त्यानं रस्सा मागवला.

नियुक्ती आदेश यायला थंडी उजाडली. पहिल्या पगाराच्या दिवशी निफाडनं कळवणला 13,600 आणि येवलाला 3,880 पाठवले. कळवणनं ‘एवढी घाई काय होती’ असं लिहिलं. येवलानं नुसता अंगठा पाठवला आणि पैसे ठेवून घेतले. ‘राहू दे रे, आपल्यात काय’ असं ती म्हणाली असती तर पुढे कचेरीत रोज समोरासमोर बसणाऱ्या दोघांमध्ये ते 3,880 रुपये कायमचे बसले असते.